सुटीतील अभ्यास : बोलणे आणि ऐकणे

कित्येक मुलांना उत्तर ठाऊक असते, परंतु चारचौघांत तोंडून शब्द फुटत नाही. नेमके बोलणे, दुसऱ्याचे शांतपणे ऐकणे, पाहुण्यांशी अदबीने वागणे हे गुण जन्मतः लाभत नाहीत. ते सरावाने येतात. याचा दाखला आपल्या बडोद्यातच आहे. कवळाण्याच्या शेतकरी घराण्यातील बारा वर्षांचे गोपाळराव दि. २७ मे १८७५ रोजी दत्तक येऊन सयाजीराव झाले. तोवर त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. पुढे मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषा आणि दरबारची रीतभात ते नेटाने शिकले व १८८१ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

त्यांनीच १९१० साली स्थापिलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयातून या सुटीत दर आठवड्यास एक गोष्टीचे पुस्तक घरी आणावे, असे आम्ही सुचवितो. रात्री जेवणानंतर मुलाने ती गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगावी. वडीलधाऱ्यांनी मध्येच चुका काढू नयेत. भावंडांनी लक्षपूर्वक ऐकून शेवटी एकेक प्रश्न विचारावा. मग तीच गोष्ट शेजारच्या घरी गुजरातीत सांगावी. पहिल्या दिवशी मूल दोन वाक्यांतच अडखळले तरी रागावू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगू द्यावे, एवढीच पालकांस आमची विनंती आहे.