मुंबई ते नागपूर : अंतर किती आणि विमानाला वेळ किती?



‘मुंबईहून नागपूर किती लांब आहे?’ हा प्रश्न मी एकदा वर्गात दिला होता. बहुतेकांनी लिहिलं, सुमारे 840 किमी. एका मुलीने मात्र 680 किमी लिहिलं आणि मी तिचं उत्तर सरळ चूक ठरवलं. ती जागेवरूनच म्हणाली, “सर, मी नकाशावर पट्टीने मोजलंय!” मी पुन्हा मोजून पाहिलं. तिचं बरोबर होतं. चूक माझ्या प्रश्नात होती, कारण कशाने जायचं हे मी विचारलंच नव्हतं.

अंतर एकच नसतं

- हवाई अंतर (सरळ रेषेत) : सुमारे 680 किमी
- समृद्धी महामार्ग (नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे) : 701 किमी
- रेल्वेने : सुमारे 840 किमी

रेल्वे घाट चढते, भुसावळ, अकोला, वर्धा अशी गावं जोडत जाते, म्हणून तिचं अंतर वाढतं. विमानाला डोंगर-नदी आडवी येत नाही.

आता वेळ काढू

सूत्र लक्षात ठेवा : वेळ = अंतर ÷ वेग

विमानाचा वेग ताशी 800 किमी धरू.
680 ÷ 800 = 0.85 तास

इथे बरेच जण फसतात. 0.85 तास म्हणजे 85 मिनिटं नव्हे! एका तासाची मिनिटं 60, म्हणून 0.85 × 60 = 51 मिनिटं.

पण तिकीट बघितलं तर त्यावर साधारण दीड तास लिहिलेला असतो. मग आपलं गणित चुकलं का? नाही. विमान सुटल्यापासून उतरेपर्यंत पूर्ण वेगात नसतं. आधी ते धावपट्टीपर्यंत हळूहळू जातं, उड्डाणानंतर वर चढताना वेग वाढत जातो, उतरताना कमी करावा लागतो. कधी उतरण्यासाठी आकाशात थांबावंही लागतं. वेळापत्रकात विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ धरतात.

म्हणून सरासरी वेग = 680 ÷ 1.5 = सुमारे 453 किमी ताशी. वरचा वेग वेगळा आणि सरासरी वेग वेगळा, हे पक्कं करा.

घर ते घर

समजा घरातून विमानतळावर जायला 1 तास, तिथे उड्डाणाच्या 2 तास आधी पोहोचायचं, प्रवास दीड तास, आणि नागपुरात उतरून सामान घेऊन घरी जायला 1 तास. बेरीज झाली साडेपाच तास! समृद्धीवरून ताशी सरासरी 100 किमीने गेलो तर सुमारे 7 तास, आणि रेल्वेने सरासरी 70 च्या वेगाने 12 तास. आजोबा दवाखान्यात आहेत, संध्याकाळच्या आत पोहोचायचंय, अशा वेळी घरातल्या मोठ्यांना हेच गणित करावं लागतं. तिथे 51 मिनिटं धरून चालत नाही.

घरी करून पाहा

1. मुंबई–दिल्ली हवाई अंतर सुमारे 1140 किमी आहे. विमानाला 2 तास 15 मिनिटं लागली, तर सरासरी वेग किती? (सूचना : 2.15 ने भागू नका, 2.25 ने भागा.)
2. नकाशाचं प्रमाण 1 सेंमी = 100 किमी असेल, तर मुंबई आणि नागपूरमध्ये किती सेंमी अंतर येईल?

उत्तरं : 1) सुमारे 507 किमी ताशी 2) 6.8 सेंमी

आणि हो, सरांनी उत्तर चूक दिलं तरी तुम्ही मोजलेलं असेल, तर नक्की विचारा.