धरणाचा धोका कसा ठरवितात?

पुण्याच्या नैऋत्येस मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण आहे. हे दगडी धरण १८७९ साली बांधून पुरे झाले. पुण्याच्या पूर्वेकडील अवर्षणग्रस्त शेतीला कालव्याने पाणी मिळावे, हा ते बांधण्यामागील एक प्रमुख हेतू होता.

अशा जुन्या धरणाविषयी दोन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात. धरण धडधाकट आहे काय, हा पहिला. आणि ते फुटलेच, तर खाली किती हानी होईल, हा दुसरा. धोक्याची श्रेणी ठरते ती या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून. चांगली शहाणीसुरती माणसेही येथे गल्लत करतात. एखादे धरण मोठ्या धोक्याच्या श्रेणीत आहे असे वाचले, की ते आता कोसळणार असे त्यांस वाटते. वस्तुतः अत्यंत भक्कम धरणही त्या श्रेणीत असू शकते. कारण ही श्रेणी भिंतीकडे पाहून नव्हे, तर खालच्या वस्तीकडे पाहून ठरवितात. ओसाड माळावरचा जीर्ण बंधारा कमी धोक्याचा, आणि शहराच्या डोक्यावरचे मजबूत धरण अधिक धोक्याचे!

धरणाची प्रकृती मात्र भिंतीपाशी जाऊनच पाहावी लागते. ही तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर करतात. भरावावर झाडे वाढली आहेत काय, घुशींनी बिळे केली आहेत काय, सांडव्याची वाट मोकळी आहे काय, हे पाहतात. पाझराचे पाणी मोजतात. थोडा पाझर बहुतेक धरणांना असतोच. तो स्वच्छ व स्थिर असेल तर भिण्याचे कारण नसते. परंतु मातीच्या धरणातून गढूळ पाणी येऊ लागले, तर आतील माती वाहून जात आहे असे समजावे.

१२ जुलै १९६१ रोजी खडकवासल्याच्या वरच्या अंगास, आंबी नदीवर बांधले जात असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याच्या जलाशयात शिरला आणि त्याच दिवशी हे ब्याऐंशी वर्षांचे दगडी धरणही फुटले. पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. खडकवासला बांधणाऱ्यांनी नदीच्या पुराचा विचार केला होता. पुढे वर दुसरे धरण होईल आणि तेच फुटून अंगावर येईल, हे त्यांच्या गणितात कोठून असणार?

खडकवासल्याचे धरण पुढे पुन्हा उभारण्यात आले. त्याच्या खालचे पुणे मात्र १८७९ सालचे राहिलेले नाही. भिंत तीच असली तरी खालची वस्ती वाढली, की धोकाही वाढतो. म्हणून ही श्रेणी एकदा ठरवून भागत नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणांची धोक्यानुसार वर्गवारी करण्याचे आणि आपत्काळी काय करावयाचे याचा आराखडा सिद्ध ठेवण्याचे बंधन घातले आहे. धरण फुटल्यास पाणी किती वेळात कोठवर पोहोचेल, हे अशा आराखड्यात नकाशावर दाखवितात. तो नकाशा कचेरीच्या कपाटात राहिला, तर नदीकाठच्या माणसाला त्याचा काय उपयोग? १९६१ साली पाणी जेथवर चढले होते, तेथे आज दाट वस्ती आहे.