कल्याणच्या खाडीवरील कारागीर

विठ्ठलवाडीहून आगगाडीने कल्याणास आले, की पश्चिमेस खाडीच्या काठी दुर्गाडी किल्ला लागतो. इ. स. १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी जिंकून घेतली आणि या भागात लढाऊ जहाजे बांधण्यास आरंभ केला. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर नेमण्यात आला. त्याच्याबरोबर सुमारे ३४० माणसे होती.

ही जहाजे सिद्दीवर पाठवावयाची आहेत, असे सांगण्यात आले होते. परंतु वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना धास्ती वाटली, की उद्या हीच जहाजे आपल्यावर उलटतील. म्हणून १६५९ च्या सुमारास त्यांनी व्हिएगसचे मन वळविले. एकीकडे हाती घेतलेले काम, दुसरीकडे स्वतःच्या राजाची निष्ठा, असा तो पेच होता. अखेर तो आपल्या माणसांसह गुपचूप वसईस निघून गेला.

तरीही मराठ्यांचे आरमार वाढतच राहिले. १६६५ साली महाराज स्वतः ते आरमार घेऊन बसरूरवर चालून गेले. उसना हात केव्हा निघून जाईल याचा नेम नसतो. आपण शिकून घेतलेली विद्या मात्र आपल्यापाशीच राहते.