कोळसा भुईत जळतो, पाणी विहिरीत नासतं



खाणीत न उतरता कोळसा जागच्या जागी पेटवायचा आणि त्याचा गॅस वर घ्यायचा, ही युक्ती जुनी आहे. झारखंडात जामताडा जिल्ह्यातील कास्ता येथे २०२४ साली तिचा प्रयोग सुरू झाला. मावळात कोळसा नाही, आपल्याखाली काळा पाषाण आहे. मग आपल्याला काय त्याचं? पण यातला धडा पाण्याचा आहे, म्हणून लिहितो आहोत.

यात दोन बोअर घेतात. एकीतून हवा किंवा ऑक्सिजन व वाफ सोडतात, दुसरीतून गॅस येतो. मागे पोकळी राहते, तिच्यात राख, डांबर, फिनॉल, बेंझीन उरतं. पोकळीतला दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा कमी ठेवला तर पाणी आत येतं. दाब वाढला की घाण भेगांतून बाहेर पडते.

अमेरिकेत वायोमिंगमधील हो क्रीक येथे १९७६ ते १९७९ या काळात चाचण्या झाल्या आणि भूजलात बेंझीन उतरलं. ऑस्ट्रेलियात चिंचिला येथे शेतजमिनीखाली लिंक एनर्जी कंपनीने दाब जास्त ठेवला, खडक फुटला. २०१५ मध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटर भागात दोन मीटरपेक्षा खोल खणायला मनाई झाली. २०१६ मध्ये क्वीन्सलँड सरकारने ही पद्धतच बंद केली. २०१८ मध्ये कोर्टाने ४५ लाख डॉलर दंड केला, पण तोवर कंपनीचं दिवाळं निघालं होतं. जमीन मात्र शेतकऱ्याच्याच गळ्यात राहिली.

आता आपलं पाहू. आपल्याकडे पाणी मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत असतं. भेगेत पाणी गाळलं जात नाही. एकाच्या बोअरीतली घाण शेजाऱ्याच्या विहिरीत निघू शकते. म्हणून :

१) बंद पडलेल्या बोअरचं तोंड पक्कं बुजवावं. तिच्यात सांडपाणी वा जळकं ऑईल कदापि सोडू नये.

२) फवारणीचा पंप विहिरीपासून लांब धुवावा.

३) पाण्याला डांबराचा किंवा औषधी वास आला तर पिणं थांबवून नमुना तपासावा. फिनॉलची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. क्षारांच्या नेहमीच्या तपासणीत ते कळत नाही, वेगळी तपासणी मागावी.

४) जिथे कारखान्याची आसवनी आहे, तिथे स्पेंटवॉशच्या तळ्यांना अस्तर आहे का, हे सर्वसाधारण सभेत जरूर विचारावं. तो सभासदाचा हक्क आहे.

ऊस मोडला तर पुन्हा लावता येतो. नासलेली विहीर पुन्हा गोड होईल याचा भरवसा नाही.