सॉफ्टवेअरमधून पाठवलेला ई-मेल परत का येतो?



आजकाल बऱ्याच शाळा ओळखीच्या प्रोग्रामरकडून निकालाचं सॉफ्टवेअर बनवून घेतात. बटण दाबलं की पालकांना प्रगतिपत्रक ई-मेलने जातं. पडद्यावर 'पाठवले' असं दिसतं, पण पालक म्हणतात, "मॅडम, काहीच आलं नाही." पालकांना दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्या: 'पाठवले' म्हणजे मेल पुढच्या सर्व्हरच्या हाती दिला. पेटीत टाकलेलं पत्र घरी पोहोचलंच असं नसतं ना!

मग शोध कसा घ्यायचा?

१) आधी परत आलेला मेल वाचा. तो पाठवणाऱ्या पत्त्यावर येतो. तो पत्ता कुणीच उघडत नसेल तर चूक कळणारच नाही. त्यात तीन अंकी आकडा असतो. ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती, सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू झाला तर नकार पक्का. कारण दूर केल्याशिवाय पुन्हा पाठवून उपयोग नाही.

२) ५५० आणि सोबत ५.१.१ : असा पत्ताच नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं. प्रवेश अर्जाशी ताडून पाहा.

३) ५३५ : लॉगिन नाकारलं, म्हणजे मेल निघालाच नाही. हा आकडा सॉफ्टवेअरच्या नोंदींत सापडतो. गुगलचा पासवर्ड बदलला की सॉफ्टवेअरसाठी घेतलेला १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड रद्द होतो. नवीन तयार करून भरा.

४) ५.७.२६ : ओळख पटली नाही. शाळेच्या डोमेनच्या नावाने कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो, याची यादी म्हणजे एसपीएफ. मेलवरची डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे यातलं एक तरी लागतं. सर्व्हर बदलला आणि यादी जुनीच राहिली, तर हे हमखास होतं. हे काम प्रोग्रामरला सांगा.

५) आकडाच नाही? मग पालकांना स्पॅम फोल्डर बघायला सांगा. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० पर्यंतच मेल जातात, हेही तपासा.

दुरुस्तीनंतर आधी स्वतःच्या दोन वेगळ्या पत्त्यांवर चाचणी घ्या, मग सर्वांना पाठवा. आणि शिष्यवृत्ती अर्जाची शेवटची तारीख असेल, तर परत आलेल्या प्रत्येक पत्त्यामागच्या पालकांना त्याच दिवशी फोन करा. मेल दुरुस्त होईल उद्या, पण तारीख थांबत नाही.