शाळेतील वाचन-दिन : हेतू, आखणी व नोंद



डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा आपल्या राज्यात २०१५ सालापासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. पुढे २०१७ सालापासून ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिन’ म्हणून पाळण्यात येऊ लागला. कारण १९०० साली याच दिवशी बाल भीमराव आंबेडकर सातारच्या सरकारी शाळेत दाखल झाले. या दोन दिवसांत अंतर आहे ते सुमारे तीन आठवड्यांचे. परंतु आपल्या जिल्ह्यात एवढ्या अवधीत कित्येक शाळांचे रूप पालटून जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. १५ ऑक्टोबरला वर्गात बसलेले मूल ७ नोव्हेंबरला फडावरच्या कोपीत असते, आणि परत येते ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. तोवर त्याच्या दृष्टीस छापील अक्षर क्वचितच पडते.

यास्तव आपल्याकडील वाचन-दिन हा केवळ पुस्तकांच्या गौरवाचा दिवस राहू नये. गाव सोडणाऱ्या मुलाच्या हाती पुस्तक देऊन ठेवण्याचा तो दिवस व्हावा, असे सुचवावयाचे आहे.

१. हेतू

ज्या दोन थोर पुरुषांच्या नावाने हे दिवस पाळले जातात, त्यांच्या बालपणातील एक गोष्ट समान आहे. रामेश्वरम येथे पुस्तके दुर्मिळ होती. तेथील एस. टी. आर. माणिकम यांच्या घरी बराच ग्रंथसंग्रह होता. ते कलामांना वाचनास उत्तेजन देत व पुस्तके घरी नेऊ देत. मुंबईस चर्नी रोडच्या बागेत बसून वाचणारा विद्यार्थी भीमराव कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याची आस्थेने विचारपूस केली, त्याला पुस्तके पुरविली, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यास भेट दिले. दोन्ही ठिकाणी एका वडीलधाऱ्या माणसाने मुलाला ओळखले व पुस्तक त्याच्या स्वाधीन केले. वाचन-दिनी शिक्षकाने करावयाचे मुख्य काम हेच होय. प्रतिमापूजन व भाषणे यांस पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

२. पूर्वतयारी

आठ दिवस अगोदर कपाटातील सर्व पुस्तके बाहेर काढावीत. त्यांचे तीन गट करावेत : मोठ्या अक्षरांची चित्रमय पुस्तके, लहान गोष्टींची पुस्तके व मोठी पुस्तके. फाटकी पाने मुलांकडूनच चिकटवून घ्यावीत. हाताळलेल्या पुस्तकाविषयी मुलास आपलेपणा वाटतो. शिक्षण हमी कार्डासाठी आपण स्थलांतर करणाऱ्या मुलांची यादी करतोच. तीच यादी समोर ठेवून कोणाला कोणते पुस्तक पेलेल, हे आधीच ठरवावे.

पुस्तके कमी पडल्यास थांबू नये. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ सालापासून निघत आहे व त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतात. त्यांतील एकेक गोष्ट छापून, दोऱ्याने शिवून छोटी पुस्तिका करता येते.

दुसरा उपाय आपल्या जिल्ह्याच्या परंपरेतच आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी आपला ‘पंचीकरण’ हा ग्रंथ सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा कापडावर लिहिला. ती ‘पासोडी’ आजही प्रसिद्ध आहे. जुन्या धोतराची हातभर रुंद पट्टी घेऊन तीवर प्रत्येक मुलाने आपली गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी. त्या दिवशी या पट्ट्या भिंतीवर टांगाव्यात व नंतर ज्याची त्याला द्याव्यात. कापड गुंडाळून बोचक्यात ठेवता येते, आणि प्रवासात सहसा फाटत नाही.

३. दिवसाची आखणी

(अ) प्रकट वाचन : प्रारंभी शिक्षकाने सर्व इयत्ता एकत्र बसवून वीस मिनिटे वाचून दाखवावे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ रात्रींत विभागलेली असल्याने या कामी सोयीची आहे. दुसरी एखादी गोष्ट घेतल्यास, उत्सुकता ताणली जाईल अशा ठिकाणी थांबावे व उरलेली गोष्ट पुस्तकात आहे, एवढेच सांगावे.

(आ) जोडीवाचन : चौथीच्या मुलाने पहिलीतील मुलास वाचून दाखवावे. शक्य तेथे एकाच टोळीबरोबर जाणारी भावंडे वा शेजारी यांची जोडी लावावी. कोपीत शिक्षक नसतो. तेथे हाच थोरला मुलगा किंवा मुलगी शिक्षकाचे काम करील.

(इ) मूकवाचन : वीस मिनिटे सर्वांनी मनात वाचावे. शिक्षकानेही या वेळी हजेरीपत्रक बाजूस ठेवून पुस्तकच वाचावे. मुले अनुकरणाने शिकतात.

(ई) पालकांची भेट : सायंकाळी पालकांस बोलवावे व प्रत्येक मुलाने आपल्या आईस किंवा आजीस चार ओळी वाचून दाखवाव्यात. अनेक आयांचे स्वतःचे शिक्षण फडामुळेच सुटलेले असते. त्यांना वाचावयास सांगून संकोचात टाकू नये. ‘रोज रात्री याच्याकडून एवढे ऐका,’ इतकीच विनंती करावी.

(उ) पुस्तक-वाटप : जाणाऱ्या प्रत्येक मुलास दोन पुस्तके द्यावीत. नाव त्याने स्वतः वहीत लिहावे.

वाचनाची स्पर्धा मात्र ठेवू नये. अडखळत वाचणारे मूल स्पर्धेत मागे लपते, आणि हा दिवस मुख्यतः त्याच्यासाठीच आहे.

४. नंतरचे काम

७ नोव्हेंबरच्या सुमारास गावी राहिलेल्या व हंगामी वसतिगृहातील मुलांनी एक गोष्ट वाचून तिचे ध्वनिमुद्रण करावे व ते फडावरील पालकांच्या मोबाईलवर पाठवावे. आपली शाळा आपणांस विसरली नाही, हे दूर गेलेल्या मुलास त्यावरून कळेल. फडावर मुलांना धाकटी भावंडे सांभाळावी लागतात, पाणी आणावे लागते. म्हणून अपेक्षा माफक असावी. रात्री एक पान वाचले तरी पुष्कळ झाले.

मूल परत आल्यावर प्रथम पुस्तक मागू नये, गोष्ट विचारावी. काही पुस्तके हरवतील, काही पावसात भिजतील. त्याबद्दल मुलास रागावल्यास पुढील वर्षी ते पुस्तक घ्यावयास हात पुढे करणार नाही. कपाटात कोरे राहिलेल्या पुस्तकापेक्षा कोपीत झिजलेले पुस्तक अधिक कारणी लागले, असे मुख्याध्यापकांनी समजावे.

५. नोंद

अहवालात छायाचित्रांपेक्षा पुढील दोन रकाने महत्त्वाचे आहेत. ऑक्टोबरात प्रत्येक मुलाकडून अनोळखी पाच ओळी वाचून घ्याव्यात व ते किती ठिकाणी अडखळले ते लिहावे. परतल्यावर तशाच दुसऱ्या पाच ओळी देऊन पुन्हा लिहावे. दुसरा आकडा पहिल्याएवढाच राहिला, तरी मुलाने सहा महिने आपले वाचन राखले असे म्हणता येईल. तो वाढला असल्यास त्या मुलासाठी जूनमध्ये कोठून सुरुवात करावयाची, हे आपणांस समजेल.

प्रत्येक शाळेने आपल्या परिस्थितीप्रमाणे या आखणीत फेरफार करावा. परंतु गाडी गावाबाहेर पडेल तेव्हा बोचक्यात पुस्तक असेल, एवढी दक्षता अवश्य घ्यावी.