चाकाची घरघर

आवाज पहिल्यांदा माझ्या बायकोला ऐकू आला. सप्टेंबर संपत आला होता, पाऊस ओसरला होता आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही गाडीचं छप्पर उघडून नेरूळहून पामबीच रोडनं वाशीकडे निघालो होतो. साठच्या पुढे वेग गेला आणि ती म्हणाली, "मागे कुठेतरी पिठाची गिरणी चालू असल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, टायरचा आवाज असेल. हे उत्तर चुकीचं होतं, आणि त्याची भरपाई करण्यात पुढचे आठ महिने गेले. जुनी गाडी हौसेनं सांभाळणाऱ्या कुणावर तीच वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे.

गाडी 2006ची पोर्शे बॉक्स्टर, 987 या श्रेणीतली. मी ती सेकंडहँड घेतली. दोन माणसांची गाडी, 2.7 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आपल्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसवलेलं. या रचनेमुळेच ती वळणावर इतकी सुंदर चालते, आणि याच रचनेमुळे मागच्या चाकाचं बेअरिंग बोलायला लागलं की पटकन कळत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, रुंद टायर आणि बेअरिंग, सगळ्यांचा आवाज पाठीमागून एकत्रच कानावर येतो.

कारण मागाहून लक्षात आलं. त्या जुलैत तुर्भ्याहून सानपाड्याकडे येताना मी गाडी साचलेल्या पाण्यातून काढली होती. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत होतं. नवी मुंबईत खाडीलगतची बरीच जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, सिडकोनं धारण तलाव आखले ते त्यासाठीच. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की पाणी ओसरायची वाट पाहावी लागते. मी ती पाहिली नाही. महामार्गावरून आलेल्या गाडीचा हब चांगलाच तापलेला असतो. तो एकदम गार पाण्यात बुडाला की बेअरिंगच्या आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. नवं सील हे सहन करतं. जुनं, रबर कडक झालेलं सील करत नाही. आत गेलेलं पाणी ग्रीस बिघडवतं, गंज धरतो, आणि दोन-तीन महिन्यांनी गिरणी सुरू होते. त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच, की जुनी गाडी साचलेल्या पाण्यात घालू नका. घालावी लागलीच तर पुढचे काही महिने कान उघडे ठेवून चालवा.

पण मी टायरलाच धरून बसलो. मागचे टायर कडेला थोडे झिजलेही होते. साध्या गाडीत पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून पाहता येतं. आवाज जागा बदलतो का ते लगेच समजतं. माझ्या गाडीला पुढे 205 आणि मागे 235 रुंदीचे टायर, त्यामुळे ती सोय नाही. मी सरळ दोन नवे टायर घातले. घरघर तशीच राहिली.

खरं तर परीक्षा सोपी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. रिकाम्या, गुळगुळीत रस्त्यावर वेग धरा आणि क्लच दाबा. इंजिनाचे फेरे खाली येऊनही आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच कमी झाला, तर तो इंजिनाचा नाही. मग लांबट, सौम्य वळण शोधा. पामबीच रोडवर अशी वळणं आहेत. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो. उजव्या वळणावर घरघर वाढली आणि डाव्या वळणावर जवळजवळ थांबली, तर डावं बेअरिंग गेलं असं समजा. माझ्या गाडीत अगदी असंच होत होतं. मी ते तीन महिने ऐकत होतो, पण त्याचा अर्थ लावत नव्हतो.

जॅकवर गाडी घेऊन चाक वर-खाली धरून हलवायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिच्यावर विसंबू नका. छर्ऱ्यांच्या दोन ओळींचं हे बेअरिंग कितीतरी दिवस आवाज करतं आणि तरी हाताला प्ले लागत नाही. त्यापेक्षा चाक हातानं सावकाश फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते.

जानेवारीत एका रात्री ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा बरंच खोल गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर ब्रेक नीट लागला, पण त्या एका क्षणानं माझी झोप उडवली. हब डगमगायला लागला की त्यावरची डिस्क डुलते, ब्रेक पॅडना मागे ढकलते, आणि पुढच्या वेळी पेडलाचा पहिला दाब ते अंतर भरून काढण्यातच खर्च होतो. बाजूला बायको बसली होती. त्यानंतर दुरुस्ती होईपर्यंत मी गाडी जागची हलवली नाही.

आता मुख्य चूक. एका गॅरेजनं दुसऱ्या दिवशी काम करून दिलं. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा नवं बेअरिंग बसत होतं: खाली लाकडी ठोकळा, वर लोखंडी नळीचा तुकडा, आणि त्यावर घण. शेवटी जुनाच ॲक्सल नट हवेच्या गननं घट्ट केला. मी उभा राहून पाहिलं आणि बोललो नाही. करणारा मुलगा मेहनती होता, दिवसभर राबला होता, आणि मला वाटलं, यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. गाडी शांत झाली. साडेतीन महिन्यांनी एप्रिलमध्ये त्याच चाकातून तीच घरघर पुन्हा सुरू झाली.

या वेळी मी रबाळे एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे. निघालेलं बेअरिंग त्यांनी माझ्यासमोर कापलं आणि बाहेरच्या रिंगची आतली बाजू उजेडात धरली. छर्रे जिथून धावतात त्या चकचकीत वाटेवर सारख्या अंतरावर बारीक खळगे होते, माळेतल्या मण्यांसारखे ओळीनं. "हे चालून झालेलं नाही," काका म्हणाले, "हे बसवताना झालंय."

त्यांनी जे समजावलं ते नीट सांगतो, कारण बेअरिंगचं आयुष्य यावरच ठरतं. बेअरिंगला दोन बाजू: बाहेरची रिंग नकलमध्ये, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या भागात, घट्ट बसते आणि आतल्या रिंगमध्ये हब घट्ट बसतो. मधे छर्रे. बेअरिंग नकलमध्ये ढकलताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर हवा. पुढे हब आत ढकलताना आतल्या रिंगला मागून टेकू हवा. हे उलट झालं, म्हणजे जोर एका रिंगवर आणि अडकलंय दुसरीकडे, की तो सगळा जोर छर्ऱ्यांमधून जातो. छर्रा रिंगला टेकतो तो अगदी इवल्याशा जागी. त्या जागी घणाचा घाव पोचला की पोलादातही खळगा पडतो. या खुणांना ब्रिनेलिंग म्हणतात. स्वीडनचे अभियंता योहान ब्रिनेल यांनी 1900 साली धातूचा कठीणपणा मोजायची जी रीत मांडली तीही हीच: कठीण गोळी धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. माझ्या बेअरिंगवर ती परीक्षा घणानं झाली होती. खळगे पडलेलं बेअरिंग पहिले काही आठवडे शांत चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

काकांनी आधी लेथवर दोन रिंगा कातून घेतल्या. एक बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगपेक्षा केसभर लहान, दुसरी आतल्या रिंगला टेकू देणारी. अर्ध्या तासाचं काम, पण सगळं त्यावर अवलंबून. तुमच्या गॅरेजवाल्याला काम देण्याआधी एवढंच विचारा: बेअरिंग दाबणार कशानं, आणि दाबणार कुठल्या रिंगवर? उत्तर नीट आलं नाही तर गाडी परत आणा.

जुना हब निघताना बेअरिंग फाकतं आणि आतल्या रिंगचा अर्धा भाग हबवरच चिकटून राहतो. तो पुलरनं काढायचा. ग्राइंडरनं कापायची घाई केली आणि हबवर चर पडला, तर नवा हब घ्यावा लागतो. आणि निघालेलं बेअरिंग कितीही बरं दिसलं तरी पुन्हा बसवायचं नाही.

माझ्या गाडीची नकल ॲल्युमिनियमची आहे, याचा फायदा घेता येतो. 100 मिलिमीटर व्यासाचं ॲल्युमिनियम 100 अंशांनी तापवलं तर सुमारे 0.23 मिलिमीटर फुगतं. पोलाद त्याच्या निम्म्यानं. घट्टपणा असतो तो मिलिमीटरच्या काही शतांशांचाच. म्हणून एबीएसचा सेन्सर आधी काढून नकल साधारण 100 ते 120 अंशांपर्यंत सगळीकडून सारखी तापवली आणि बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलं, तर ते प्रेसच्या अगदी थोड्या दाबानं, सरळ आत उतरतं. गॅसची ज्योत वापरू नका. एकाच जागी ताप लागतो आणि ॲल्युमिनियम बिघडतं. बेअरिंग मात्र तापवायचं नाही, आतलं ग्रीस आणि सील दोन्ही जातात. आपल्या हवेत आणखी एक काळजी: फ्रीझरमधून काढलेल्या लोखंडावर क्षणात दव धरतं. बेअरिंग हवाबंद पिशवीत ठेवा, नकल तापून तयार झाल्यावरच पिशवी उघडा.

बेअरिंग मी या वेळी स्वतः आणलं. हार्बर लोकलनं मशीद स्टेशनला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीटला गेलो. बेअरिंग आणि हत्यारांचा हा जुना बाजार; जाणकार दुकानदार रिंगवरचा नंबर वाचूनच बोलायला लागतात. पहिल्या वेळी गॅरेजनं कोणतं बेअरिंग बसवलं हे मी पाहिलंच नव्हतं. खोका कधीच फेकला गेला होता. नकली बेअरिंगांचा धंदा मोठा आहे. खोक्यावरचा आणि रिंगवरचा नंबर जुळवा, कोरीव अक्षरं स्पष्ट आहेत का बघा, पक्कं बिल घ्या. किंमत निम्मी सांगितली तर तिथून निघा. एसकेएफनं तर खरेपणा तपासण्यासाठी मोबाइल ॲप काढलं आहे. फोटो पाठवले की ते कळवतात. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म जपणाऱ्यांसारखी ज्यांची गाडीच दुर्मीळ, त्यांनी जुन्या बेअरिंगवरचा नंबर पुसला जाण्याआधी लिहून ठेवावा आणि व्हर्नियरनं आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजावी. गाडीचं नाव सांगून जे मिळत नाही ते कधी मापावर मिळतं.

राहिला ॲक्सल नट. तो नुसता चाक धरून ठेवत नाही. या बेअरिंगची आतली रिंग दोन तुकड्यांची असते, आणि नटाच्या ताणानंच ते तुकडे एकमेकांवर हवे तसे दाबले जातात. ताण कमी पडला तर छर्रे सैल पळतात. माझ्या गाडीचा आकडा 460 न्यूटन मीटर. तुलनेसाठी, चाकाचे बोल्ट 130 ला घट्ट होतात. 460 म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला 47 किलो वजन लटकवावं इतका जोर. हवेच्या गननं तो किती लागला हे कुणालाच सांगता येत नाही. छोट्या गॅरेजमधला टॉर्क पाना इतका जात नाही. मी ट्रकची कामं करणाऱ्या एका मिस्त्रींकडून मोठा टॉर्क पाना आणि 32 ची गोटी भाड्यानं आणली. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या दुरुस्ती पुस्तकातूनच घ्या, आणि नट नवाच लावा. जुना नट सैल करताना चाक जमिनीवर असू द्या. नवा घट्ट करताना गाडी भक्कम घोड्यांवर हवी, आणि दुसऱ्या माणसानं ब्रेक दाबून धरायचा. पूर्ण ताण बसेपर्यंत त्या चाकावर गाडी ढकलू नका, पार्किंगमध्ये चार फूटसुद्धा नाही. आमच्या सोसायटीत खाली पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यात घोडीचे पाय रुततात, म्हणून मी जाड पत्रे घातले होते.

दोन गोष्टी राहिल्या. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लटकत सोडू नका, तारेनं बांधा. नकल पूर्ण उतरवली असेल तर बोल्टच्या जागांवर आधी खुणा करा आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्या. नाहीतर नवे टायर वाकडे झिजतील आणि पुन्हा आवाजाचा घोळ सुरू होईल.

काम झाल्यावर पहाटे अटल सेतूवरून गेलो. 21.8 किलोमीटर, मधे सिग्नल नाही, परवानगीचा शंभरचा वेग. बायको बाजूला होती. शिवडी दिसेपर्यंत ती काही बोलली नाही. मग तिनं मागे हात टेकून ऐकलं आणि म्हणाली, "गिरणी बंद."

नटावर आणि हबवर मिळून मी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. दर महिन्याला चाकाची टोपी काढून बघतो, रेघ सरळ आहे. डाव्या बाजूला आता पाच हजार किलोमीटर झाले. उजवं बेअरिंग मात्र अजून जुनंच आहे, आणि जुलैतल्या त्या पाण्यातून तेही गेलं होतं. अजून बोलत नाही. तरी पुढच्या पावसाआधी, मे महिन्यात, रबाळ्याच्या काकांकडे दिवस ठरवून ठेवला आहे.